नागपूरच्या उन्हात टिकेल असा ससा निवडताना

नागपुरात घरी खाण्यासाठी ससे पाळायचे असतील, तर जात ठरवताना वजनाचा तक्ता नंतर बघावा, मे महिना आधी बघावा. आमच्या घरामागच्या शेडमध्ये आता सशांनी काही उन्हाळे काढले आहेत, म्हणून हे ठामपणे सांगते. थंड हवेच्या भागातल्या माणसाने दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

आम्ही उमरेड रोडच्या बाजूला राहतो. प्लॉट लहान, पण मागे थोडी मोकळी जागा आहे आणि तिच्यावर कडुनिंबाची सावली असते. आधी तिथे गावरान कोंबड्या होत्या. कोंबडा पहाटे चारला आरवायचा आणि शेजारच्या घरांत तान्ही मुले. शेवटी कोंबड्या काटोलकडे दिरांच्या शेतावर गेल्या. आपल्या ताटातले मांस काय खाऊन वाढले हे आपल्याला ठाऊक असावे, ही माझी जुनी इच्छा. ससा ओरडत नाही, दाण्यापेक्षा पाल्यावर जास्त वाढतो, आणि कापला की घरातल्या पाच माणसांच्या एका वेळच्या भाजीपुरता होतो. उरलेले मांस फ्रीजरमध्ये कोंबून ठेवावे लागत नाही. वीज जाणाऱ्या उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नाही.

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "रानातला ससा मारला तं फॉरेस्टवाले नेतात न वो?" त्यांचे माहेर भिवापूरकडचे. तुरीच्या आणि कापसाच्या वावरात पळणारा ससा त्यांनी लहानपणी पाहिलेला. त्यांची शंका योग्यच होती. तो रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला धरणे, पाळणे, मारणे गुन्हा आहे. आपण पाळतो तो घरगुती ससा वेगळाच प्राणी. रानसशाची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. घरगुती सशाची उघडीबोडकी, डोळे मिटलेली, आईने उपटून घातलेल्या केसांच्या गादीत पडलेली असतात. दोघांचा संकरही होत नाही. हे सासूबाईंना समजावून सांगितले आणि मगच पुढच्या तयारीला लागलो.

मग जातीचा शोध सुरू झाला. ज्याला विचारावे तो न्यूझीलंड व्हाइटचे नाव घ्यायचा. नाव न्यूझीलंडचे असले तरी ही जात तयार झाली अमेरिकेत. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, पूर्ण वाढ झाल्यावर चार ते पाच किलोची. मांसासाठी जगभर हीच पाळतात आणि त्याला कारण आहे: पिल्ले झपाट्याने वाढतात, चांगले खाणे मिळाले तर तीन महिन्यांत दोन किलोच्या आसपास जातात. त्याच पंक्तीत सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे कोडाईकनालजवळ मन्नवनूरला जे केंद्र आहे, तिथे मांसाच्या याच मोठ्या जातींवर काम होते. पण मन्नवनूर म्हणजे डोंगरावरची गार हवा. सशाला १५ ते २५ अंशांत बरे वाटते. तीसच्या वर तो त्रासतो, पस्तीसच्या वर त्याला अंगातली उष्णता बाहेर टाकणे कठीण जाते. माणसासारखा घाम त्याला येत नाही. कान आणि श्वास, एवढ्यावरच त्याची भिस्त. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापते नऊ दिवस, तर अजून यायचाच असतो.

हिंगण्याच्या बाजूला एका ओळखीच्या गृहस्थांकडे न्यूझीलंड व्हाइट होते. टुमदार शेड, चांगले खाणे, माणूस कष्टाळू. एप्रिलच्या शेवटी त्यांच्याकडे गेले तेव्हा जाड्या माद्या पिंजऱ्यात अंग टाकून, तोंड उघडून धापा टाकत होत्या. तोंड उघडून श्वास घेणारा ससा म्हणजे जिवावर आलेला ससा. त्यांनी सांगितले की भर उन्हात व्यालेल्या मादीची पिल्ले हाती लागत नाहीत आणि गाभण मोठी मादीच कधी कधी दगावते. तिथून परतताना माझे बरेचसे ठरले होते. अंग जितके मोठे, तितकी आत उष्णता जास्त आणि ती बाहेर टाकायला कातडी त्या मानाने कमी. लहान सशाचे गणित याच्या उलट. लहान ससा उन्हाला हरवतो असे नाही, त्यालाही जपावेच लागते. पण जपले तर तो हाती लागतो.

लहान जातीच्या बाजूने आणखी काही गोष्टी होत्या. दोन-सव्वादोन किलोच्या मादीला रोजचे शंभर ग्रॅमच्या आत कोरडे खाणे पुरते. पिल्ले पीत असताना दुप्पट. न्यूझीलंडच्या मादीला तेवढ्यात भागत नाही. पिंजरा दोन बाय अडीच फुटांचा चालतो. जाळीच्या तळावर बसून टाचांना जखमा होतात, त्याही जड अंगाच्या सशांना जास्त. आणि लहान जातीची मादी पाचव्या महिन्याच्या सुमारास नराकडे लावायला तयार होते, जायंट जातीसाठी आठ-नऊ महिने थांबावे लागते.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. एक किलो मांस तयार व्हायला लागणारे खाणे आणि दिवस मोजले, तर मध्यम जातच स्वस्त पडते. लहान जातीची पिल्ले सावकाश वाढतात. विकण्यासाठी पाळायचे असतील तर माझा मार्ग धरू नका. मला विकायचे नव्हते. मला नागपुरात, एवढ्याशा जागेत, पाच माणसांच्या घरासाठी पाळायचे होते.

विकण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. याच काळात एका कंपनीचा माणूस घरी आला होता. सात माद्या, तीन नर असे 'युनिट' घ्या, पिल्ले आम्हीच परत विकत घेऊ, करार करून देतो. "ताई, मोठाच ससा घ्या न, पैसे वसूल होतात." मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या: या माद्यांना मागच्या मेमध्ये किती पिल्ले झाली, आणि तुम्ही परत घेतलेले ससे कुठल्या शहरात कोण खाते? दोन्हीची उत्तरे नव्हती. ज्याला आपल्या सशाचा उन्हाळा सांगता येत नाही त्याच्याकडून ससा घेऊ नये.

लहान म्हटले की दुकानदार लगेच बुटका ससा दाखवतो. गोल डोके, तोकडे कान, मुठीत मावेल असा, किलोभर वजनाचा. मुलांना वेड लागावे इतका गोड. मांसासाठी मात्र तो अजिबात उपयोगाचा नाही आणि याचे कारण त्याच्या बुटकेपणातच आहे. हा बुटकेपणा एका जनुकामुळे येतो. पिल्लाला ते जनुक आई किंवा बाप, एकाकडून मिळाले तर पिल्लू बुटके होते. दोघांकडून मिळाले तर पिल्लू जन्मतःच इतके खुरटलेले असते की थोड्याच दिवसांत मरते. म्हणजे दोन बुटके ससे एकत्र लावले की सरासरी चारांतले एक पिल्लू जाणारच, तुम्ही कितीही काळजी घ्या. त्यात वेतच मुळी दोन-चार पिल्लांचे. दर वेळी मेलेली पिल्ले उचलायची आणि हाती दोन यायची, हे माझ्याच्याने झाले नसते. लहान जात आणि बुटकी जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निवडताना सगळ्यांत आधी डोक्यात पक्के करावे.

मग मन बसले हिमालयनवर. पांढरे अंग, नाक, कान, पाय, शेपूट काळी. जुनी जात, स्वभावाने अतिशय शांत, दोन किलोच्या आतली. तिच्या रंगाची गंमत अशी की शरीराचा जो भाग गार राहतो तिथेच काळा रंग उमटतो. थंडीत तो गडद होतो, उन्हाळ्यात फिका पडतो. पण या नावाने आम्हाला दाखवलेली पिल्ले हिमालयन नव्हती. पिल्ले दाखवणाऱ्याला मी म्हटले, आई दाखवा आणि तागडीत ठेवा. आई निघाली चार किलोची. ती कॅलिफोर्नियन होती. ही जात १९२० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज वेस्ट या माणसाने हिमालयन, चिंचिला आणि न्यूझीलंड व्हाइट यांच्या संकरातून बनवली. तिचे काळे नाक-कान हिमालयनकडूनच आलेले, म्हणून पिल्लू दीड महिन्याचे असताना फसायला होते. कॅलिफोर्नियन मांसाला उत्तम, पण ती मोठ्या सशांच्याच रांगेतली. खरी हिमालयन आम्हाला नागपूर परिसरात मिळाली नाही.

राहिली डच. अंगाचा पुढचा अर्धा भाग पांढरा, मागचा भाग आणि कान-गाल काळे, करडे किंवा तपकिरी, कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा. पूर्ण वाढ दोन ते अडीच किलो. अंग आखूड आणि भरलेले, हाडे बारीक. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे डच मादी आई म्हणून फार चांगली. दुसऱ्या मादीची पोरकी पिल्लेही तिच्याखाली ठेवली तर बहुधा पाजते. तोपर्यंत मी कागदावर जे जे लिहून ठेवले होते ते सगळे या एका जातीत बसत होते: बुटकेपणाचे जनुक नाही, वेत पाच-सहा पिल्लांचे, खाणे कमी, स्वभाव घरात वावरणाऱ्या माणसाला झेपेल असा.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर आमच्या ओळखीचे आहेत. मी त्यांना विचारले, डच माद्यांवर न्यूझीलंडचा नर लावला तर पिल्ले मोठी होतील ना? ते म्हणाले, "होतील, पण पोटात असतानाच मोठी होतील." लहान मादीला मोठ्या बापाची पिल्ले अडू शकतात, वेतात एक-दोनच पिल्ले असली तर धोका आणखी वाढतो. मोठे-लहान मिसळायचेच तर नर लहान आणि मादी मोठी असावी. मी मिसळले नाही. एक डच नर आणि तीन डच माद्या घ्यायच्या ठरल्या. नर मुद्दाम दुसऱ्या ठिकाणाहून आणायचा, म्हणजे भावंडे एकमेकांवर लागणार नाहीत.

प्रत्यक्ष ससा हातात घेऊन निवडणे हा वेगळाच अभ्यास. रंगाचा पट्टा सरळ आहे की वाकडा याकडे मी बघितलेही नाही, उलट पट्टा बिघडलेले ससे विकणारा कमी भावात देतो आणि मांसाला त्याने काही फरक पडत नाही. मी आधी पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवायचे. कणा बोटांना टोचला तर ससा परत. कमरेवर बोटे पसरली की दोन्ही बाजूंनी मांस भरीव लागले पाहिजे, चांगले मांस तिथे आणि मागच्या मांड्यांतच असते. मग पुढचे पाय आतून बघायचे. तिथले केस चिकटून गुठळ्या झाल्या असतील तर ससा सर्दीचे नाक पायांना पुसतो आहे, आणि सशाची ती सर्दी साधी नसते, सगळ्या शेडला लागते. कानात तपकिरी खपल्या म्हणजे खरूज. वरचे दात खालच्या दातांवर किंचित पुढे बसायला हवेत. दात वाकडे असतील तर ते वाढत जातात आणि ससा उपाशी मरतो, शिवाय पिल्लांतही ते उतरू शकते. शेवटी नर-मादी. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लात विकणारेही चुकतात. हलके दाबून बघितल्यावर नराचे गोल नळीसारखे बाहेर येते, मादीची उभी चीर दिसते. डॉक्टरांनी हे एकदा नीट दाखवले आणि मग मी प्रत्येक ससा स्वतः तपासूनच घेतला.

आई किती पिल्ले जगवते, हा प्रश्न मात्र बघून सुटत नाही, विचारावाच लागतो. सहा व्याली आणि दोन जगवली अशा मादीची लेक कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

पिल्ले होण्याचे गणित सोपे आहे. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचे, नराला मादीकडे कधीच नाही. मादी आपल्या जागेत त्याला चावते. गाभणकाळ ३१ दिवसांच्या आसपास. अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवायची, आत कोरडे गवत. पिल्लांचे डोळे दहा-बारा दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ती पेटीबाहेर येतात, पाचव्या आठवड्यानंतर आईपासून वेगळी करते. पण हे सगळे बसवायचे कुठल्या महिन्यांत, हा नागपूरचा खरा प्रश्न. कडक उन्हात नराचे बीज निकामी होते आणि नवे बीज तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. जूनमध्ये पाऊस आला, गारवा आला, नर उड्या मारायला लागला, तरी मादी गाभण राहीलच असे नाही. त्यामुळे मार्च ते ऑगस्ट मी माद्या लावतच नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला पहिली जोडी, त्यानंतर पिल्ले तुटली, म्हणजे आईपासून वेगळी झाली, की पुन्हा. असे थंडी संपेपर्यंत प्रत्येक मादीची तीन वेते निघतात. तीन माद्या, तीन वेते, वेतामागे जगलेली पाच पिल्ले: ४५. साफ केल्यावर प्रत्येकी साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वर्षाला २९ किलो मांस. जवळपास दर आठवड्याला एक ससा. आम्हाला एवढेच हवे होते.

मे महिन्यात मात्र घरातल्या प्रत्येकाला कामाला लागावे लागते. पिंजरे कडुनिंबाखाली, पश्चिमेला खसचे पडदे, दुपारी त्यांच्यावर पाणी. पण आत ओल साचू द्यायची नाही. हवा खेळती नसेल तर ओलसर उकाडा कोरड्या उन्हापेक्षा वाईट. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून पिंजऱ्यात आडव्या ठेवते, ससे त्यांना पोट टेकून पडतात. कानांना ओला हात लावायचा. कुलर घराच्या मागच्या खिडकीतून शेडकडे वळवलेला. सासूबाई आता स्वतः दुपारी उठून बाटल्या बदलतात. "आपल्यालेच ऊन सहन होत नाही, हे तं मुके जीव," असे म्हणतात.

खाण्याच्या बाबतीत विदर्भ श्रीमंत आहे. हरभऱ्याचे आणि तुरीचे कुटार, दालमिलची चुनी, गव्हाचा कोंडा, थोडी सोयाबीन पेंड, क्षारमिश्रण. हिरव्यात लसूणघास, शेवग्याचा पाला, तुतीची पाने, थंडीत बरसीम. चारा दुकानदार सरकीची ढेप घ्या म्हणून मागे लागला होता. गाईला चालते, सशाला नाही, सरकीतले विषारी द्रव्य त्याला बाधते. गाजरगवत चाऱ्यात एक काडीही येऊ द्यायची नाही, आणि कापसाच्या धुऱ्यावरचे गवत फवारणीमुळे घ्यायचेच नाही. दव असलेला किंवा तापलेला पाला सशाचे पोट फुगवतो, म्हणून चारा सावलीत सुकवून, संध्याकाळी. ससा खातो रात्रीच. पावसाळ्यात पिल्लांना हगवणीचा कॉक्सिडिओसिस होतो आणि पटापट पिल्ले जातात. जाळीचा तळ कोरडा ठेवणे आणि लक्षण दिसताच डॉक्टरांना बोलावणे, दुसरा मार्ग नाही. पावसाळ्यात पिल्लेच नसावीत, हाही माझ्या महिन्यांच्या मांडणीमागचा एक हेतू.

कापण्याबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने सांगते. साडेतीन-चार महिन्यांचा, सव्वा किलोच्या पुढे गेलेला ससा आम्ही कापतो. ते काम आता दिरांचे. आदल्या रात्रीपासून खाणे बंद, पाणी चालू. ससा घाबरला तर किंचाळतो आणि त्याचे हाल होतात, म्हणून शांतपणे उचलून, दुसऱ्या सशांपासून दूर, एका झटक्यात मान मोडतात. ज्याला हे एका झटक्यात जमत नाही त्याने आधी जाणत्या माणसाकडून शिकावे, सशावर सराव करू नये. मुलाला मी सुरुवातीलाच सांगितले की नर-माद्यांना नावे आहेत, पिल्लांना नाहीत. त्याने ते मान्य केले.

मांस लगेच शिजवले तर चामट लागते. एक दिवस फ्रीजमध्ये ठेवते. चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे मोठ्या आचेवर ते कोरडे पडते. आमच्याकडे सावजी मसाल्यात होते: सुके खोबरे, खसखस, दगडफूल भाजून वाटलेले, तेल सढळ, आणि झाकण ठेवून मंद आचेवर. पहिल्यांदा दीर काही न सांगता जेवले आणि मग विचारले, "वहिनी, हाडं एवढी बारीक कोणाची?" बारीक हाड हा डचचा गुण. अंगाच्या मानाने ताटात हाडे कमी येतात.

आता निवड दरवर्षी घरातच चालते. प्रत्येक पिंजऱ्याला वही टांगली आहे: व्याली कधी, किती झाली, किती तुटली, बाराव्या आठवड्यात वजन किती. भांड्यात जातात ते सगळे वजनदार आणि आईसाठी राखते ते हडकुळे, असे होऊ नये म्हणून वेतातली सर्वांत भरलेली मादी मी आधी बाजूला काढते. ती मेमध्ये दुपारी कशी बसते हे बघते: पसरून शांत पडणारी ठेवते, धापा टाकणारी ठेवत नाही. नर मात्र घरचा ठेवायचा नाही. सध्याच्या नराच्या लेकी लावायच्या झाल्या आहेत, तेव्हा सप्टेंबरच्या आत दुसऱ्या रक्ताचा डच नर शोधते आहे. वर्धा किंवा भंडाऱ्याकडे कोणाकडे असेल आणि त्याने मागचा मे शेडमध्येच काढला असेल, तर मला तो हवा आहे.